अननसाचा डाग

मित्रांनो, मी एक जुनी विळी आहे आणि एक नंबरची जळकुकडी आहे. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं मला कुणी सोज्वळ समजायला नको.

माझा जन्म बहात्तरच्या दुष्काळातला. गुरम्माच्या घरचे बैल विकले गेले आणि गाडी दारात नुसती उभी राहिली. तिच्या चाकाची लोखंडी धाव काढून दगडोबा लोहारानं माझं पातं घडवलं. त्या वर्षी मी काय चिरलं, माहीत आहे? रानातला तरोट्याचा पाला. दोन्ही वेळा तोच. गुरम्मा मला पुसून ठेवताना म्हणायची, "हिच्यामुळं चूल पेटती." ते एक वाक्य मी दहा वर्षं जपून ठेवलं.

मग लातूर जिल्हा झाला. गुरम्माचा मुलगा शिवमूर्ती नव्या कचेरीत शिपाई म्हणून लागला आणि आम्ही गाव सोडून लातुरात आलो. पुढच्याच उन्हाळ्यात एका संध्याकाळी त्यानं ते ध्यान घरी आणलं. अंगभर खवले, डोक्यावर काटेरी तुरा, आणि वास असा की शेजारची केवळाबाई तव्यावरची भाकरी तशीच सोडून बघायला आली. सोबत करवलीसारखी मिरवत आलेली लाल मुठीची चकचकीत सुरी.

"अननस हाय, आव्वा. सायबाच्या घरी पाव्हण्यांना देतेत," शिवमूर्ती म्हणाला. "हे इळीवर चिरत नसतेत. आता ती इळी भंगारात देऊन टाक."

ते शंभर डोळ्यांचं फळ कोनाड्यात जाऊन बसलं आणि माझी रवानगी पोत्याखाली झाली. भंगारवाला सोमवारी येणार होता.

पण गुरम्मानं त्या फळाची पानं निरखली आणि हात मागं घेतला. "हे केवड्याचं फळ हाय. म्हादेवाला केवडा चालत न्हाई. आन् गळ्यातल्या लिंगाला दाखवल्याबिगर माझ्या घरात कुणी काही खात नसतंय."

शिवमूर्तीचं तोंड उतरलं. मला मात्र उकळ्या फुटत होत्या. तीन दिवस ते फळ तसंच बसून होतं. तरी गल्लीतली माणसं येत, नाक जवळ नेत, "लई ग्वाड वास हाय" म्हणत. दहा वर्षांत माझ्याकडं बघायला कधी कुणी आलं नव्हतं. सडू दे मेल्याला, असं मी पोत्याखालून म्हणत होते.

चौथ्या दिवशी पंचाक्षरी स्वामी भिक्षेला आले. कोनाड्याकडं बघून हसले. "गुरम्मा, हा केवडा न्हाई. खाली कानडी मुलखात शिरसीकडं याची रानंच्या रानं हायत. तिथं देवालाबी ठेवतेत. साल काढा, डोळे काढा, मीठ लावा आन् खावा."

सून शिवकांता ती सुरी घेऊन बसली. सुरी आधी सालीवर घसरली, मग मधल्या कडक दांड्यात अडकली आणि नुसती मूठ शिवकांताच्या हातात आली.

"इळी आण," गुरम्मा म्हणाली.

इतक्या दिवसांचा राग होता. मी त्याला उभं चिरलं, आडवं चिरलं, एकेक डोळा काढला. पिवळ्या फोडींवर मीठ पडलं. आधी लिंगाला, मग स्वामींना, मग घरादाराला. "काय फळ हाय," सगळे म्हणाले. "काय धार हाय," असं एकजण म्हणेल तर शपथ.

बोटं चाटण्याच्या नादात मला धुवायचं राहून गेलं. घरात पाणीही नव्हतं, हापशाला ते सकाळीच लागायचं. तो आंबट रस पात्यावर सुकला आणि मला खात बसला.

सकाळी पहिली घागर आली. गुरम्मानं माझ्यावरचा काळा डाग बघितला आणि जीभ चावली. "तरोटा चिरून जगवलंस ग बाई आमाला, आन् तुलाच इसरले." तिनं मला राखेनं घासलं. "आव्वा, इळी राहू दे घरात," शिवमूर्ती खाली मान घालून म्हणाला. त्या टंचाईत गुरम्मानं माझ्यावर तांब्याभर पाणी ओतलं. मी निवले.

मग खाली बघितलं. शिवकांतानं अननसाचा तुरा एका डब्यात लावला होता आणि तो डबा नेमका माझ्याखाली धरला होता. माझं पाणी थेंबही न सांडता त्याच्या मुळाशी गेलं.

म्हणून सांगते मित्रांनो, आंबट काही चिरलं की विळी लगेच धुवा आणि कोरडी पुसून ठेवा. माझा डाग अजून गेलेला नाही. आणि धुतलेलं पाणी कुठं ओतलं, ते तेवढं मला सांगू नका.