आठवी खुर्ची

सेविकांच्या संघाला सात डोकी हवी होती. बायकांचीच हवी होती, आणि शक्यतो लांब केसांची. पुरुषाचं डोकं भादरलं तर त्याची बातमी होत नाही, असं अध्यक्ष प्यो ग्वांग-सिक यांनी बैठकीत सांगूनच टाकलं, आणि समोर बसलेल्या पन्नास-साठ वृद्धसेविकांपैकी एकीलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. कोरियात, सोलमध्ये मागणी लावून धरायची म्हणजे संसदेसमोर डोकं भादरून घ्यायचं, हा आता रिवाजच झालाय. टॅक्सीवाले भादरतात, डॉक्टर भादरतात, बालवाड्यांच्या मालकिणी भादरतात. ज्याचं पोर गेलंय तोही भादरतो आणि ज्याला नुसता फोटो हवाय तोही. खाली पडलेले केस दोघांचे सारखेच दिसतात.

"मी बसते," गुक मालसुन म्हणाली.

"अगं मालसुनताई, डोक्यात होतं नव्हतं ते त्या केंद्राने खाल्लं, आता वरचंही देऊन टाक!" शेजारच्या ओकबुनने टोमणा मारला आणि लगेच स्वतःचाही हात वर केला. "माझंही लिहा हो. हिला एकटीला थंडी वाजेल."

मालसुन अठ्ठावन्न वर्षांची. सोलशेजारच्या इंचनमधल्या एका वृद्धसेवा केंद्रात ती आणि ओकबुन अकरा वर्षं राबत होत्या. तिसऱ्या मजल्यावर वीस म्हातारे, आणि रात्रपाळीला त्या विसांमागे एकच बाई. एकीचं डायपर बदलायला घ्यावं तर दुसऱ्याची घंटा वाजते, त्याच्याकडे धावावं तर तिसरी पलंगावरून पाय खाली सोडते. त्यामुळे मालसुनच्या तोंडात एक वाक्य कायमचं बसलं होतं. कुठूनही हाक आली की हातातलं काम न सोडता ती ओरडायची, "जरा थांबा हं, आलेच!"

मागच्या हिवाळ्यात सात नंबरच्या खोलीतल्या मेंग आजोबांनाही तिने हेच सांगितलं. आजोबा जन्मभर पोस्टमन होते. दारोदार ताठ मानेने फिरलेल्या माणसाला डायपरमध्ये करायची लाज वाटायची. ते थांबले. चांगली वीस मिनिटं थांबले, आणि मग स्वतःच उठले. ती पोचली तेव्हा ते संडासाच्या उंबऱ्यात आडवे पडले होते आणि तिचीच माफी मागत होते. खुब्याचं हाड मोडलं होतं. एकोणीस दिवसांनी गेले. केंद्राच्या मालकाने चौकशीत लिहून दिलं की सेविकेचं दुर्लक्ष झालं.

तेव्हा नवा कायदा येऊ घातला होता, आणि त्यात एक कलम होतं: रात्री दहा म्हाताऱ्यांमागे एक सेविका. केंद्रांच्या मालकांचा महासंघ त्याच्या विरोधात दंड थोपटून उभा होता आणि सेविकांचा संघ त्याच्या बाजूने. कलम झालं म्हणून मेंग आजोबा काही परत येणार नव्हते, पण त्यांच्या जागी आलेल्या म्हाताऱ्याला थांबावं लागणार नव्हतं. मालसुनला एवढंच हवं होतं. त्यासाठी केस मागितले असते तर केस, दात मागितले असते तर दात.

ठरल्या दिवशी संसदेसमोरच्या चौकात आठ खुर्च्या मांडल्या होत्या. सात बायकांच्या, आठवी अध्यक्षांची. खरं तर पुढाऱ्याने आधी बसायचं असतं. पण प्यो म्हणाले, "भगिनींना पहिला मान! मी शेवटी बसतो." त्यांचे केस म्हणजे एक प्रकरण होतं. बासष्टाव्या वर्षी काळेभोर, कपाळावर फुगा काढून बसवलेले, आणि बोलता बोलता तळहाताने सारखे चाचपून पाहायची सवय. माणूस बोलायला गोड. प्रत्येकीला ताई म्हणायचा आणि एकीचंही नाव त्याच्या लक्षात नसायचं.

सगळ्यांनी कपाळाला लाल पट्ट्या बांधल्या होत्या, त्या भादरायच्या आधी सोडायच्या की नंतर, यावर दहा मिनिटं खल झाला. माइकवरची बाई कागद बघून हुंदके देत होती. न्हाव्याचं मशीन मालसुनच्या कपाळावरून मागे सरकलं तसे फोटोवाले पुढे सरसावले.

"ताई, इकडे! डोळे मिटू नका!"

"जरा रडा ना, ताई. एकदाच!"

"काकू, मान खाली. हां, तशीच. दुःखी दिसा जरा!"

मालसुनला रडू आलं नाही. तिला शिसारी आली. पण शिसारी गिळायची तिला सवय होती. अकरा वर्षं ती दुसरं काय करत होती! मेंग आजोबांचा चेहरा डोळ्यांपुढे धरून ती बसून राहिली. पाठीवर रुळणारी करडी वेणी मांडीवर पडली, कुणीतरी ती उचलून नाव लिहिलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवली.

सातवं डोकं संपलं. न्हाव्याने आठव्या खुर्चीवरचं कापड झटकलं आणि नेमका तेव्हाच अध्यक्षांचा फोन वाजला.

"संसदेच्या समितीतून बोलावणं आलंय!" फोन उंच धरून ते ओरडले. "भगिनींनो, तुमच्या केसांनी दार उघडलं!"

टाळ्या पडल्या. अध्यक्ष गाडीत बसून गेले, जाताना काचेत बघून त्यांनी फुगा चाचपला. न्हाव्याने कापडाची घडी घातली. सात चमनगोटे रस्त्याच्या कडेला बसून गार किंबाप, म्हणजे भाताच्या गुंडाळ्या, खात राहिले.

"कशी दिसते गं मी?" ओकबुनने विचारलं.

"सोललेल्या बटाट्यासारखी."

"तू तर उकडलेल्या."

तीन आठवड्यांनी सगळ्यांच्या फोनवर संघाचा निरोप आला: कायदा मंजूर! ऐतिहासिक विजय! मालसुनने पुढचं काही वाचलंच नाही. तिने तिसऱ्या मजल्यावर खोलीखोलीत जाऊन सांगितलं की आता रात्री दोघी असणार. ज्यांना कळलं ते हसले, ज्यांना नाही कळलं तेही हसले. व्यवस्थापकालाही तिने मोठ्या ऐटीत सांगितलं, तेव्हा तो तिच्या गोट्याकडे बघून म्हणाला, "हो का? अभिनंदन." तेव्हाच तिला शंका यायला हवी होती. पण अकरा वर्षांत पहिल्यांदा काही मिळालं असं वाटत असताना शंका कोण घेतं?

पुढच्या मंगळवारी दुपारी संघाच्या नव्या केंद्राचं उद्घाटन होतं. कसलं केंद्र ते मालसुन-ओकबुन दोघींनाही नीट माहीत नव्हतं, पण सातही जणींना खास बोलावणं होतं. मालसुनची पाळी सहाला सुरू व्हायची. वाटेत तिने बाजारातून आपलं केस कापायचं मशीन परत घेतलं. तिसऱ्या मजल्यावरच्या म्हाताऱ्यांचे केस महिन्यातून एकदा तीच कापायची आणि पातं धार लावायला टाकलं होतं.

दारापाशी रिवाजाप्रमाणे तिवयांवर फुलांची मोठमोठी चक्रं उभी केली होती आणि पाठवणाऱ्याचं नाव प्रत्येकाच्या फितीवर होतं. सगळ्यांत मोठं सगळ्यांत पुढे. त्याची फीत ओकबुनने मोठ्याने वाचली.

"वृद्धसेवा केंद्रचालक महासंघ. हार्दिक अभिनंदन." ती वळली. "हे मालकांचं आहे, मालसुनताई. हे हरले ना?"

"हरले."

"मग हरलेला माणूस दोन माणसांच्या उंचीची फुलं पाठवतो होय?"

मालसुनने दार ढकललं. आत गेल्यावर एका मुलीने तिच्या एका हातात वाफाळता तांदळाचा केक दिला आणि दुसऱ्यात एक जाड पुस्तक. 'रात्रीच्या वेळी वृद्धांचे पडणे कसे टाळावे: सेविकांसाठी सक्तीचे प्रशिक्षण.' केकचा तुकडा तोंडात घोळवत तिने पहिलं पान वाचलं. नव्या कायद्यानुसार प्रत्येक सेविकेने दरवर्षी आठ तास हे प्रशिक्षण घ्यायचं. सुटीच्या दिवशी. फी आपली आपण भरायची. प्रशिक्षण देण्याचा अधिकार फक्त संघाला.

"आणि दहामागे एक?" तिने त्या मुलीला विचारलं.

"ते कलम वगळलं ना, आजी. निरोपात सगळ्यात खाली होतं."

मालसुनने पुस्तक उलटं केलं. शेवटच्या पानावर छपाईची तारीख होती, मे महिन्याची तीन. तिने ती दोनदा वाचली. चौकात त्यांची डोकी भादरली ती नऊ तारखेला. म्हणजे खुर्च्या मांडायच्या सहा दिवस आधीच हे पुस्तक छापून, बांधून तयार होतं. प्रशिक्षणाच्या मक्त्याच्या बदल्यात कलम तेव्हाच विकलं गेलं होतं. केस मागितले ते कलमासाठी नव्हतेच, मालकांनी सौदा मोडू नये म्हणून नुसता डोळ्यांपुढे नाचवायला एक बागुलबुवा हवा होता.

तोंडातला केक तिला गिळवेना. तिने तो कागदी रुमालात थुंकला.

भिंतीशी काचेचं कपाट होतं. आत दिव्याच्या उजेडात सात खोकी, प्रत्येकावर पितळी पट्टी. तिची करडी वेणी तिच्याच लाल रबराने बांधलेली होती, औषधात घालून ठेवलेल्या सापासारखी. आपल्याच केसांची तिला किळस आली, आणि त्याहून जास्त आपल्या टाळ्यांची.

प्यो खिडकीपाशी पाटीच्या दोऱ्या ओढण्यासाठी दोन्ही हातांत पांढरे हातमोजे चढवत होते. ती सरळ त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली.

"कलम कुठे गेलं, अध्यक्षसाहेब?"

"अहो ताई!" ते तोंडभर हसले. "एका घासात कधी पोट भरतं का? राजकारण म्हणजे देवाणघेवाण. मालक एक पाऊल मागे आले, आपण एक गेलो."

"ते कुठलं पाऊल मागे आले?"

"प्रशिक्षणाला त्यांनी अजिबात विरोध केला नाही!"

"आणि आमचे केस?"

"केसांचं काय एवढं, ताई. केस वाढतात."

"मेंग आजोबा?"

"कोण?"

त्यांचं नाव घेऊन हा माणूस चौकात अर्धा तास बोलला होता. गळा काढून, डोळे पुसून. मालसुनला वाटलं, आत्ता याच्या कोटावर ओकावं. पण ओकारी आली की मागे व्हायचं आणि हात धुवायचे, ही कामाची शिस्त. ती मागे झाली.

मग दोऱ्या ओढून प्रशिक्षण केंद्राच्या पाटीवरचं पांढरं कापड उतरवलं. टाळ्या झाल्या. पाहुणा म्हणून आलेला खासदार बोलला, त्याच्यामागून प्यो बोलले, त्याग, भगिनी, इतिहास, सगळं यथासांग झालं. निवडणुकीच्या उमेदवार यादीत त्यांचं नाव येणार अशी कुजबुज होती, त्यामुळे फोटोवालेही बरेच होते. "कुणाला काही सांगायचंय?" असं त्यांनी उगाच, पद्धत म्हणून विचारलं.

"मला," मालसुन म्हणाली. "अध्यक्षसाहेब, त्या दिवशी आठवी खुर्ची तशीच राहिली."

प्यो हसले. "हो हो, ताई, फोन आला ना..."

"आज फोन नाहीये. मशीन आहे माझ्याकडे. धार लावून आणलंय."

ओकबुनने तिच्याकडे एकदा नुसतं पाहिलं आणि टाळ्यांच्या ठेक्यावर सुरू केलं, "आठवी खुर्ची! आठवी खुर्ची!" बाकीच्या पाच गोट्यांनी सूर धरला, मग सगळ्या खोलीने. खासदारालाही मजा वाटली, तोही टाळ्या वाजवू लागला. फोटोवाल्यांनी कॅमेरे वर केले. प्यो यांची नजर खासदाराकडून कॅमेऱ्यांकडे आणि कॅमेऱ्यांकडून परत खासदाराकडे गेली. वचन पाळणारा अध्यक्ष, तोही टक्कल केलेला, यादीत शोभून दिसला असता. हा हिशेब त्यांच्या तोंडावर इतका उघड लिहिलेला होता की मालसुनला बघवेना.

"वचन म्हणजे वचन!" ते गरजले आणि खुर्चीवर बसले.

ओकबुनने टेबलावरचा पांढरा कपडा त्यांच्या गळ्याभोवती बांधला. मालसुनने मशीन सुरू केलं. कपाळाच्या मधोमध टेकवलं, फुग्यातून आरपार, टाळूवरून थेट मानेपर्यंत. म्हाताऱ्यांची डोकी कापून तिचा हात बसलेला होता, एकच पट्टा, पण रस्ता आखल्यासारखा सरळ. दोन्ही बाजूंना काळेभोर केस जागच्या जागी, मुळाशी बोटभर पांढरे, आणि मधे ओली, फिकट कातडी.

मग तिने मशीन बंद केलं. पुसलं. पिशवीत ठेवलं.

"काय झालं?" प्यो यांनी विचारलं. कॅमेरे खटाखट वाजत होते. कुणीतरी फिसकन हसलं.

"पाच वाजले. सहाला माझी पाळी आहे."

"अहो, पण हे... हे असं कसं? पुरं करा की!"

"वीस जण आहेत तिकडे," मालसुन म्हणाली. "आणि मी एकटी."

तिने काचेचं कपाट उघडलं, आपलं खोकं काखोटीला मारलं. प्यो खुर्चीतून अर्धवट उठले होते, हात सवयीने डोक्याकडे गेला होता आणि मधल्या उघड्या वाटेवर येऊन अडकला होता. खासदार बाजूला सरकून उभा राहिला होता, फोटोत येऊ नये म्हणून.

"ताई! ओ ताई! कुणीतरी बोलवा तिला! ताई!"

मालसुन दारातून वळलीसुद्धा नाही. रोजच्याच आवाजात तिने सांगितलं, "जरा थांबा हं, आलेच."