तिसऱ्या कपाचा आशीर्वाद

अंकोबरच्या डोंगरात मरणाची बातमी उजाडताना सांगायची, तीही गावच्या म्हाताऱ्यांनी, माणसं अंगणात जमल्यावर. तोवर घरच्यांना कुणी चकार शब्द सांगायचा नाही. मेस्फिन सरहद्दीवर मेल्याचं सगळ्या गावाला कळलं होतं. त्याच्या आईला, त्रुनेशला, उद्या पहाटे सांगायचं होतं. आणि वोर्कूला रजेवर यायला आजचाच मुहूर्त सापडला. मेस्फिनच्याच खंदकातला हा शिपाई. त्रुनेशनं त्याला वेशीवरच गाठलं आणि कॉफीला ओढून नेलं.

तिनं बिया भाजल्या, कुटल्या, निखाऱ्यांवर काळं मडकं ठेवलं. एकदा बसलं की तीन कप प्यायचेच. तिसऱ्याआधी उठणं म्हणजे घरचा आशीर्वाद लाथाडणं. वोर्कू पुरता अडकला होता.

"मेस्फिनला नाही मिळाली रजा?" पहिला कप देत तिनं विचारलं.

"साहेब सोडत नाहीत, मावशी."

"तुला बरं सोडलं. जावई लागतोस का साहेबाचा?"

वोर्कू हसला. आपल्याला हसता आलं याचीच त्याला किळस वाटली.

दुसरा कप. "जेवतो का रे नीट?"

"जेवतो की. माझ्या ताटातलंही ओढतो."

त्यानं कप गुडघ्यावर टेकवला.

तिसरा कप ओतून त्रुनेश उभी राहिली, तळवे वर केले. "देवा, माझा मेस्फिन सुखरूप घरी येऊ दे."

आता त्यानं आमेन म्हणायचं होतं. म्हटलं तर देवासमोर खोटं, न म्हटलं तर बातमी फुटली. कॉफीच्या बैठकीसाठी जमिनीवर अंथरलेल्या गवताकडे तो बघत राहिला.

"म्हण ना."

त्यानं कप गवतावर ठेवला.

त्रुनेश हळूच खाली बसली. "परवापासून एकही शेजारीण कॉफीला आली नाही. या घरात मी कधी एकटीनं कॉफी प्यायले नव्हते रे. मला तोंड दाखवायची हिंमत नाही झाली त्यांची. शहाण्या कुठल्या, त्यांना वाटतं मला कळणार नाही."

वोर्कू गवताची काडी मोडत राहिला.

"म्हाताऱ्यांना येऊ दे उद्या. त्यांनी सांगितलं की रडेन, रीतीप्रमाणे. तू मला एवढंच सांग, त्याच्याजवळ कोण होतं?"

"कुणी नाही." महिनाभर छातीत कोंडलेलं ते बाहेर आलं. "पहारा माझा होता, मावशी. मी तापानं फणफणलो होतो. झोप म्हणाला, आणि माझ्या जागी तो गेला."

निखारे विझत आले होते. त्रुनेशनं मडकं खाली उतरवलं. मग तिनं हात पुढे केला आणि त्याच्या कपाळाला लावला.

"उतरला का ताप?"

खंदकात न रडलेला वोर्कू तिथं फुटला. त्रुनेशनं घाईनं आपली ओढणी त्याच्या तोंडावर दाबली.

"हळू, बाळा," ती म्हणाली, "शेजारी ऐकतील. मला अजून कळलेलं नाही."