टेबलावरच्या स्पीकरफोनला आलेला संशय

मित्रांनो, मी बैठकीच्या टेबलावरचा स्पीकरफोन. आता बराच जुना झालोय. मला डोळे नाहीत. माणूस आवाजावरून ओळखायचा आणि लगेच विश्वास ठेवायचा नाही, हा माझा स्वभाव.

माझ्याभोवती एक तज्ज्ञमंडळ बसे. वेबमध्ये कुणाला काही नवं आणायचं असलं, की प्रस्ताव आधी इथे येई. त्यानं कुणाचं भलं होईल, कुणाचं नुकसान, हे तपासून मंडळ सल्ला देई. हुकूम सोडायचा अधिकार नव्हता, पण सल्ल्याला वजन होतं. मला त्याचा फार अभिमान वाटे.

एकदा एका बड्या कंपनीचा प्रस्ताव आला. पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर अंध लोक वापरतात. कुणी ते वापरत असेल, तर ब्राउझरनं वेबसाइटला तसं कळवावं, म्हणजे त्यांना सोपं पान दाखवता येईल. ऐकायला गोड होतं. त्याच सुमारास त्याच कंपनीतली एक बाई मंडळावर आली. बैठकीत ती गप्प असे. सगळे चहाला उठले, की माझ्याशेजारी बसून फोनवर कुजबुजे, "मंडळात सांगू ना? तुला चालेल ना?" माझ्या मनात पाल चुकचुकली. ही कंपनीला विचारून वागतेय, इथल्या बातम्याही पुरवत असणार! इतरांनाही तसंच वाटत असावं. ती आत आली की बोलणं तुटे.

शेवटी अध्यक्ष घसा खाकरून म्हणाले, "मॅडम, प्रस्ताव तुमच्याच कंपनीचा आहे. तुमचं मत काय?"

"आणू नये," ती म्हणाली. "माझ्या धाकट्या भावाला दिसत नाही. त्याच्याबद्दल इथे सांगू का, हे फोनवर त्यालाच विचारत होते. नोकरीचा अर्ज भरताना हे कुणाला सांगायचं, ते त्याचं तो ठरवेल. यंत्रानं परस्पर चुगली करायची नाही."

टेबलावर कुणाची तरी बोटं वाजत होती, ती थांबली.

मंडळानं सल्ला दिला: पानच सगळ्यांना वापरता येईल असं बनवा, माणूस हेरत बसू नका. प्रस्ताव मागे पडला. मंडळावरची मुदत संपल्यावर कंपनीनं बाईंना पुन्हा पाठवलं नाही. निरोपाच्या दिवशी अध्यक्षांनी भावाची चौकशी केली.

"नोकरी लागली," ती म्हणाली. "मुलाखतीत त्यानं स्वतःच सांगितलं."

आता मी कपाटात आहे. माझ्या जागी छतात नवा माइक बसवलाय. तो चालू आहे की बंद, खाली बसणाऱ्यांना कळतच नाही. मित्रांनो, नवी सोय जरूर घ्या, जपून वापरा. पण आधी विचारा, हिच्यामुळे कुणाचं काय उघडं पडणार आहे? कुणी संशयी म्हटलं, तर म्हणू द्या.