मातकट माद्या

पंचफुला आठवड्यानं माहेराहून आली, पायावर पाणीही न घेता परसातल्या जाळीपाशी गेली, आणि तिच्या अंगाची लाही लाही झाली.

जाळीत विलायती तितरांचे दोन नर. दोघांच्या गळ्यात पांढरा पट्टा, डोळ्यांभोवती जास्वंदीचा लाल, छातीवर घासलेल्या तांब्याची झळाळी. दोघं एकमेकांवर चाल करून जात होते. आणि कोपऱ्यात, तुराट्यांच्या आडोशाला, एकच मादी. डोक्यावरची पिसं उपटलेली, कातडी रक्ताळलेली.

"अहो! माह्या दोन माद्या कुठं गेल्या?"

ओट्यावर आरसा टेकवून जगदेव दाढी करत होता. एक गाल साफ, दुसऱ्यावर फेस.

"अवं, बदलून आनला ना नर. अनसिंगच्या विकासपाशी दोन होते, त्याचे भांडून राह्यले होते. त्यानं एक देल्ला, म्या दोन माद्या देल्ल्या. पाय तं खरं, कसा राजावानी दिसते!"

पंचफुलानं जाळीचं दार उघडून मादीला उचललं.

कारंजा लाडकडच्या पाखरंवाल्याकडून ही विलायती तितरं तिनंच निवडून आणली होती. जगदेवचा जीव तेव्हा सोनेरी तुऱ्याच्या जोडीवर जडला होता. पण आपल्याकडच्या वैशाखात ती टिकायची नाहीत, नवख्या माणसानं ही पांढऱ्या पट्ट्याचीच न्यावीत, असं पाखरंवाल्यानं सांगितलं आणि तिनं ते मनात धरलं. एक नर, तीन माद्या. ज्या फुगून बसल्या होत्या त्या तिनं सोडल्या. ज्या दाण्यावर धावल्या, ज्यांचे पाय कोरडे आणि डोळे लख्ख, त्या घेतल्या.

गावानं मात्र माद्या पाहून दात काढले. "पंचफुले, पैसे देऊन ढेकूळ आनलं का व?"

ढेकळाचाच रंग होता तो. नांगरल्या वावराचा, ज्वारीच्या कोंड्याचा, जिच्या पोटात अंडं राहतं त्या मातीचा. चैत्र तोंडावर आला होता. अंडी पडली की खाली ठेवायला तिनं घरची खुडूक कोंबडीही धरून ठेवली होती. पिल्लं निघाली असती, वाढली असती, आणि या घरात पंचफुलाचं स्वतःचं असं पहिल्यांदा काहीतरी उभं राहिलं असतं. गावाचं हसणं तिला लागलं नव्हतं. ते जगदेवला लागलं होतं.

तिनं जखमेवर हळद-तेल लावलं, मादीला डालग्याखाली झाकलं. मग नव्या नराचे पंख दाबून त्याला टोपलीत घातलं आणि वर फडकं बांधलं.

"गाडी काढा."

"अर्धी दाढी राह्यली ना माही."

"राहू द्या. अक्कल अर्धीच लावली तुमी, दाढीबी अर्धीच शोभते."

जगदेवनं गाडी काढली. वाशीम मागं पडलं तरी पंचफुलानं त्याच्या खांद्याला हात लावला नाही. टोपली मांडीवर गच्च धरून बसली. आईच्या जात्यावर शिकलेली चाल ओठांत आपोआप फिरत होती, पण आज तिला विळ्याची धार होती.

*नर आनला डौलाचा, मिरवाले गावभर*
*माह्या मातकट बाईचं, कोनं मोडलं व घर*

अनसिंगला विकासच्या अंगणात पाय ठेवला आणि तिला आधी दिसला तो राखेचा ढीग. त्यावर मातकट पिसं. बाजेच्या पायाला सुतळीनं बांधलेली दुसरी मादी. बाजेवर विकास कांदा चिरत बसलेला.

"या वैनी! बरोबर टायमाले आल्या. जेवूनच जा, आज रस्सा हाये."

"दोनातली एक कुठं हाये?"

"ते तं परवाच झाली. पाव्हने होते." विकास हसला. "चव काय न्यारी वैनी! इचारा ना जगदेवभाऊले, त्यायले डबा पाठोला होता."

पंचफुला वळली. जगदेवच्या एका गालावर फेस सुकून पांढरा झाला होता.

"मले... मले वाटलं गावरान कोंबडी हाये," तो पुटपुटला. "आईशपथ."

पंचफुला बाजेपाशी गेली. खाली बसली, सुतळीची गाठ दातांनी तोडली, मादीला पदरात घेतलं. टोपली विकासपुढं सरकवली.

"हा तुमचा राजा."

"असं कसं वैनी? सौदा झाला ना आमचा!"

"सौदा मालकानं करावा. जाळी म्या बांधली, वाळवी खोदून म्या चारली, निवडून म्या आनल्या. मले इचारलं का कोनी? तुमी दोघंबी नर पाहून भुलले, अन् अंडं कोन देते याचा इचार एकाच्याबी डोक्यात नाही आला! मातकट दिसली म्हनून चुलीवर चढवली!"

आतून रंजीता, विकासची बायको, दारात आली. तिनं नवऱ्याच्या हातातला कांदा काढून घेतला आणि म्हणाली, "न्या ताई. दोन दिवस झाले मी म्हनून राह्यली, ते पाखरू कापू नका. आयकते कोन?"

पंचफुला बाहेर आली ती तडक एसटीच्या थांब्याकडे. मागून जगदेव गाडी ढकलत आला.

"बस ना व. ऊन पाय केवढं."

"तुमी जा."

"अवं, चुकलं माहं. घरी तं चाल."

तिनं पदर जरा सैल केला. आतलं ढेकळाच्या रंगाचं डोकं बाहेर आलं, पाणीदार डोळ्यानं इकडं तिकडं बघू लागलं.

"एक तुमच्या पोटात हाये," पंचफुला म्हणाली. "तिले तुमी न्या घरी. हिले मी नेते."

घराकडची एसटी आली. ती चढली, खिडकीशी बसली, आणि बाहेर पाहिलंच नाही. पदराखाली ते एवढंसं काळीज धडधडत होतं. तिचंही.