फॉर्मच्या तळाचा चौकोन

मी चौकोन बोलतोय. फॉर्मच्या अगदी तळाशी, 'मी यंत्र नाही' या वाक्याच्या डाव्या हाताला बसलेला. तुम्ही माझ्यावर बोट आपटता, चार शब्द सुनावता आणि पुढे जाता. चालायचंच. चार वर्षं ऐकतोय, आता कान किटले.

पक्षाघाताने वाचा गेलेल्यांना पुन्हा बोलायला शिकवणारं एक केंद्र आहे. त्याच्या नावनोंदणीच्या फॉर्मवर माझा जन्म झाला. हौसेने नव्हे. फॉर्ममध्ये रोज शेकडो खोटी नावं घुसत होती. टकलावर केस उगवणारं तेल, लॉटरी, वाट्टेल ते. यादी त्यांनीच भरायची आणि खऱ्या रुग्णांना जागा उरायची नाही. शिकवणाऱ्या बाईंच्या तर एकेका नंबरावर फोन करून नाकी नऊ आले. मग संगणकवाल्या तात्याला बोलावलं. तात्या हे टोपणनाव. वय तेव्हा जेमतेम चोवीस, पण बोलणं साठीचं.

तात्याने मला घडवलं आणि एक नियम दिला. पाऊण मिनिटाच्या आत जो फॉर्म भरेल, तो यंत्र समजायचा. तीनदा असं झालं तर दिवसभर दार बंद. हा आकडा त्याने आणला कुठून? स्वतः फॉर्म भरून पाहिला. गडी दोन बोटांनी टाइप करणारा, त्याला दोन मिनिटं लागली. पाऊण मिनिटात हे माणसाच्या बापाला जमणार नाही, असं ठरवून तो चहा प्यायला गेला.

खोटी नावं थांबली. माझं कौतुक झालं, पण ते दोनच दिवस. नंतर नुसत्या शिव्या.

परवा सकाळी केंद्राच्या बाहेरच्या खोलीतल्या संगणकावर एक काकू येऊन बसल्या. शेजारी त्यांचे यजमान. उजवा हात मांडीवर नुसता पडलेला, तोंडातून शब्द नाही. तुकडीत एकच जागा उरली होती आणि नोंदणी बाराला बंद होणार होती. पुढची तुकडी सहा महिन्यांनी. जितका उशीर तितकं अवघड, असं बाईंनी त्यांना आधीच बजावलं होतं.

काकूंनी पस्तीस वर्षं कोर्टात टायपिंग केलेलं. बोटं अशी पळाली की मी बघतच राहिलो. पंचवीस सेकंदांत फॉर्म तयार. नियमाप्रमाणे मी त्यांना परत पाठवलं. काहीतरी चुकलं असेल म्हणून त्यांनी पुन्हा भरला, घाईघाईने, म्हणजे आणखीच भरभर. पुन्हा तेच, पडद्यावर लाल अक्षरांत 'तुम्ही यंत्र आहात'.

काउंटरवरच्या मुलीला विचारलं तर ती म्हणाली, नाव हाताने घेता येत नाही, सगळं ऑनलाइनच. आणि आता शेवटची संधी, मग आजचा दिवस गेला. साडेअकरा होऊन गेले होते. काकूंनी बोटं पुन्हा कीबोर्डवर ठेवली. अहो, जरा दमानं घ्या, एवढंच मला सांगायचं होतं. पण मला ती सोय नाही.

"हा मला मशीन म्हणतोय," त्या यजमानांना म्हणाल्या. "साहेबही म्हणायचे. तेव्हा बरं वाटायचं हो."

यजमानांनी डाव्या हाताने कीबोर्ड स्वतःकडे ओढला. एकाच बोटाने एकेक अक्षर शोधत नाव लिहिलं, मग वय, मग फोन. काकू सारख्या घड्याळाकडे बघत होत्या, पण त्यांनी मध्ये हात घातला नाही. शेवटचा रकाना होता, काय त्रास होतो? बाराला चार मिनिटं कमी असताना तिथे अक्षरं उमटली: मला हिला हाक मारता येत नाही.

काकूंनी वाचलं. डोळे पुसले.

"अहो, दाबा आता," एवढंच म्हणाल्या.

मी लगेच बरोबरची खूण केली. जागा मिळाली.

तात्याला यातलं कुणी काही सांगितलं नाही, त्यामुळे नियम अजून तोच आहे. आज सकाळीही दोघांना परत पाठवलं. ती यंत्रं होती की कुणाची घाईतली लेकरं, देव जाणे. तात्या, कधी हे वाचलंस तर तेवढा नियम काढ, नाहीतर मलाच काढ बाबा. थकलो मी. काकूंना दोनदा हाकललं मी, आणि जाताना त्यांनी पडद्याला हात लावून माझेच आभार मानले.