हिरव्या सायकलची जागा

बसच्या तोंडाशी बसवलेला सायकली ठेवायचा तो लोखंडी रॅक उभा आहे की आडवा, एवढंच चढणीच्या पायथ्याच्या थांब्यावरून लॉर्नाला लांबून दिसायचं — उभा म्हणजे रिकामा, आडवा म्हणजे कुणीतरी आधीच सायकल टाकलेली... आज तो आडवा होता. बस जवळ आली तशा सायकली दोन दिसल्या, एक काळी, एक हिरवी, आणि जागा तर दोनच. म्हणजे आजही.

परवा हेच, काल हेच. दुलूथ शहर वसवणाऱ्यांनी सरोवराच्या काठापासून रस्ते सरळ आभाळात नेले आणि ते चढायला लॉर्नाला पन्नाशीचे गुडघे दिले. चढण बसने, आणि वर बस वळते तिथून वृद्धाश्रमापर्यंतचा ओसाड रस्ता सायकलने — इतकी साधी गोष्ट, पण तीही लोकांच्या मर्जीवर. बेकरीतली पाळी संपवून दुपारची ताटं उचलायच्या आत पोचायचं, कारण आई तिच्याशिवाय कुणाच्या हातून घास घेत नाही. दोन दिवस लॉर्ना पोचली नाही, दोन दिवस आई जेवली नाही. काल नर्सने फोनवर शांतपणे सांगितलं, उद्याही खाल्लं नाही तर नाकातून नळी घालावी लागेल. शांतपणे... कोण शिकवतं यांना इतकं शांत राहायला?

दार उघडलं. ड्रायव्हर रॉइस रोजच्या ओळखीचा.

"नाही जमणार, लॉर्ना. दोन्ही भरल्यात."

"मग आत घेऊ दे. मागे धरून उभी राहते."

"आत नाही चालत, तुला माहितीये."

"अहो बाई, ती खांबाला बांधा नि चढा," मागून एक म्हातारा ओरडला. "आम्हालाही कामं आहेत."

"आणि वरून चालत जाऊ? तोवर ताटं उचलतात तिथे." ती रॉइसकडे वळली. "हिरवीवाला कुठे उतरणार?"

रॉइसने मान खाजवली. "तो मगाशीच उतरला, धक्क्यापाशी. सायकल विसरला आणि चालू पडला. आता ती डेपोत जाणार."

विसरला! लॉर्नाला तो माणूस डोळ्यांसमोर दिसायला लागला — हात खिशात, शीळ घालत, मोकळाढाकळा. आणि इथे त्याची जागा शाबूत. तिच्या भावासारखा, डेलसारखा. डेलही असाच ॲरिझोनात उतरला आणि चालू पडला, आई इथेच राहिली, आणि ती मात्र प्रत्येक घासाला विचारते, डेल आला का? ...मी भरवते, आई. मी, लॉर्ना. हो, हो, पण डेल आला का? राग डेलचा यायला हवा, येतोच, पण त्याच्या खाली काहीतरी होतं — विसरून असं चालू पडणं कसं जमतं, कुणी सांगेल का मला?

"हे बघ," रॉइस आवाज खाली आणून म्हणाला, "ती उचल नि खांबाला टेकव. परतताना घेतो मी. आत्ता मी आरशात बघतोय, मला समोरचं काही दिसत नाही."

लॉर्नाने पुढे होऊन हिरव्या सायकलच्या चाकावर अडकवलेला आकडा सोडवला. सायकल हलकी होती, सहज उतरली. जागा रिकामी झाली. आता हायसं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. काल बस निघून गेल्यावर ती रॉइसला शिव्या घालत घरी गेली होती आणि बूटही न काढता दुपारभर गाढ झोपली होती... किती दिवसांनी. आणि आज रॅक आडवा दिसला तेव्हा आधी राग आला होता? की रागाच्याही जरासं आधी सुटल्यासारखं... नाही. असं कुणी म्हणत नाही. आईबद्दल कुणी असं म्हणत नाही.

"लॉर्ना, चढवतेस ना?"

स्वतःच्या सायकलची मूठ तिने घट्ट धरली होती आणि ती उचलली जात नव्हती. तिला रॉइसची भयंकर चीड आली. काल नाही, परवा नाही, आजच का त्याने आरशात बघायचं?