पोत्याने पसंत केलेली गाडी

मापाडीसाहेबांनी अख्खी नोकरी दुसऱ्यांच्या काट्यांवर संशय घेण्यात काढली होती. वजनमापे खात्यात तेहतीस वर्षं. ते बाजारात शिरले की दुकानदारांच्या तोंडचं पाणी पळायचं आणि पारड्याखाली चिकटवलेली लोहचुंबकं गुपचूप खिशात जायची. निवृत्तीनंतर संशय घ्यायला काही उरलं नाही, म्हणून ते घरी रोज दूध मोजायचे. खरं नाव लोक विसरले होते. बायको एरवी ‘अहो’ म्हणायची आणि भांडणात ‘मापाडीसाहेब’.

ही बायको घड्याळं दुरुस्त करायची. बॅटरी बदलून देण्याला ती दुरुस्ती म्हणत नसे. चौकातल्या जुन्या दुकानात खिडकीजवळ तिचं टेबल होतं. डोळ्याला भिंग लावून, केसाहून जेमतेम जाड असलेला स्क्रू ती चिमट्याने असा उचलायची, की बघणाऱ्याने श्वास रोखावा. रोखलाच पाहिजे, नाहीतर स्क्रू उडतो.

दीड वर्षापूर्वी ती जिन्यावरून पडली. पाठीच्या कण्याला मार बसला आणि कमरेखालचं शरीर तिचं ऐकेनासं झालं. हात मात्र पूर्वीइतकेच शहाणे राहिले. घरात चाकांची खुर्ची आली, दारांचे उंबरे गेले, स्वयंपाकाचा ओटा वीतभर खाली आला. आता अडचण उरली ती घर आणि दुकान यांच्यामधल्या नऊ किलोमीटरांची.

दोनदा ती टॅक्सीने गेली. रस्त्यात खड्डा आला की तिचे पाय ताठ होऊन थडथडायचे आणि ती तोल सांभाळायला दोन्ही हातांनी सीट आवळून धरायची. दुकानात पोचल्यावर दोन तास हात थरथरत राहायचे. थरथरत्या हातांनी घड्याळ उघडण्यापेक्षा न उघडलेलं बरं.

दुकानाचा मालक भला माणूस होता. पण भलेपणालाही तारीख असते. “बाई, महिनाअखेरपर्यंत तुमचं टेबल कुणाला देत नाही,” तो फोनवर म्हणाला. “पुढे मात्र दुसरा माणूस घ्यावा लागेल. काल एक जण येऊन गेला. घड्याळ कानाला लावून खुळखुळ्यासारखं हलवत होता हो!”

बायकोने फोन ठेवला आणि डोळ्याचं भिंग पुसून पर्समध्ये ठेवून दिलं. भांडली असती तर साहेबांना बरं वाटलं असतं.

त्याच दिवशी त्यांनी जाहीर केलं, “गाडी घेऊ. अजिबात धक्के न देणारी. आणि पारखून घेऊ.”

बायकोला गाडीगाडीत चढवून-उतरवून तिचे हाल करायचे नाहीत, हे त्यांनी आधीच ठरवलं होतं. त्यांनी एका पोत्यात चोपन्न किलो वाळू भरली. चोपन्न म्हणजे चोपन्न, चिमूटभर इकडे नाही की तिकडे नाही. पोतं गाडीच्या सीटवर ठेवायचं, पट्टा लावायचा. पोत्याला एक दांडी, दांडीला पेन्सिल, पेन्सिलीसमोर आलेखाचा कागद. गाडी उसळली की पोतं उसळणार आणि कागदावर रेघ उमटणार.

“माझं वजन त्या पोत्याला कुणी सांगितलं?” बायकोने विचारलं.

“मी.”

“आणि माझी शाल का गुंडाळलीये त्याला?”

“सीटला वाळू लागायला नको.”

“माझ्यापेक्षा जास्त फिरतंय ते,” ती म्हणाली. “मलाही कुठेतरी न्या कधी.”

हे साहेबांनी चेष्टेवारी नेलं. इथेच त्यांचं चुकलं.

आठवडाभरात पोत्याने अकरा गाड्यांतून फेरफटका मारला. शोरूमवाले सुरुवातीला हसायचे, मग गंभीर व्हायचे. एका विक्रेत्याने तर सवयीने मागे वळून पोत्याला विचारलं, “मॅडम, एसी वाढवू का?”

अखेर निकाल लागला. एका लांबलचक, आलिशान गाडीत रेघ इतकी सरळ आली की साहेबांना पेन्सिलीचं टोक मोडल्याची शंका आली. त्यांनी टोक तपासलं. शाबूत होतं. साहेब खूश झाले. पेन्सिल फक्त वरखाली हलत होती, आणि माणूस बाजूलाही कलंडतो, हे तेहतीस वर्षं काटे तपासणाऱ्या माणसाच्या लक्षात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी ते बायकोला टॅक्सीने त्या शोरूममध्ये घेऊन गेले. तिथल्या विक्री अधिकारी बाई पन्नाशीच्या, हसतमुख, एक हात सतत कमरेवर. बायको खुर्ची आणि सीट यांच्यामध्ये गुळगुळीत फळी टाकून सरकायची. इथे सीट खुर्चीपेक्षा टीचभर खाली, आणि मऊ इतकी की ती बसली म्हणण्यापेक्षा बुडाली.

अधिकारी बाईंनी गाडी काढली. पहिल्या वळणावर बायको डावीकडे झुकली, दुसऱ्या वळणावर उजवीकडे. पाय रोवून सावरता येत नव्हतं. खड्डे खरंच लागत नव्हते. पण गाडी झुल्यासारखी डुलत होती आणि डुलता डुलता तिचे पाय ताठ झाले. मागे बसलेल्या साहेबांना तिची बोटं दिसली. सीटची कड धरून पांढरीफटक पडली होती.

“परत चला,” ती म्हणाली.

शोरूमच्या दारात तिने पाय शांत व्हायची वाट पाहिली. साहेबांनी आलेखाचा कागद खिशातल्या खिशात चुरगाळला.

“अगं, पोत्याला तर ही...”

“पोत्याला आवडणारच. त्याला पडायची भीती नसते. ते आधीच पडलेलं असतं.” मग जरा मऊ आवाजात, “अहो, मला विचारायचं ना. मी काय दुसऱ्या गावी राहते?”

साहेबांच्या हातात महिनाअखेरपर्यंत अकरा दिवस होते, यादी संपली होती, आणि पुन्हा टॅक्सी बोलवायची हिंमत होत नव्हती. अधिकारी बाईंना ते दिसलं असावं. “माझ्या गाडीतून सोडते,” त्या म्हणाल्या. “हसू नका मात्र.”

गाडी पावाच्या डब्याला चाकं लावल्यासारखी होती. उंच, चौकोनी, साध्या कडक सीटची. पण फळी टाकली तर ती आडवी सपाट बसली, कारण सीट आणि खुर्ची एकाच उंचीची होती. बायको एका दमात सरकली.

साहेब मागे बसून प्रत्येक खड्ड्याआधी दात आवळत होते. खड्डे येत होते, गेल्याचं कळत होतं, आणि तेवढंच. गाडी उसळायची, पण लगेच जागेवर यायची, डुलत बसायची नाही. पुढे बायकोची गाऱ्हाणी चालू होती, ती आधी शोरूमच्या चहाबद्दल, मग नवऱ्याबद्दल. मग बाईंच्या मनगटाकडे बघून ती अचानक म्हणाली, “तुमचं घड्याळ चार मिनिटं मागे आहे.”

“वर्षभर असंच आहे हो. कुणाला जमत नाही.”

घरासमोर गाडी थांबली तेव्हा बायको उतरायलाच तयार नव्हती. तिने बाईंचं घड्याळ काढून घेतलं, पर्समधून पातळ पट्टी काढून मागचं झाकण उघडलं, डोळ्याला भिंग लावलं आणि चिमट्याने आतली बारीक कळ केसभर सरकवली. नऊ किलोमीटर नव्हे, चांगले बारा झाले होते. हात दगडासारखे स्थिर.

साहेबांचा जीव भांड्यात पडला. भांडं केवढं होतं, ते त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच मोजलं नाही.

“ही गाडी आम्ही घेतो,” ते म्हणाले.

“मी देत नाही,” बाई म्हणाल्या. “कंपनीने बंद केली आहे ही. दिसायला वाईट म्हणून कुणी घेईना.”

“मग तुम्ही का घेतलीत?”

“दिवसभर त्या मऊ गाड्या दाखवून माझीच कंबर गेली, सर.”

अशा गाड्या सहसा कुणी विकत नाही, पण शोधून देते, असं सांगून बाई गेल्या. सहाव्या दिवशी एका म्हाताऱ्या दंतवैद्याची मिळाली. त्यांना नजर साथ देईना, म्हणून नाइलाजाने सोडत होते. या वेळी पारखायला बायको स्वतः गेली. चालवायला त्या अधिकारी बाई होत्या. साहेब मागे बसले, तोंड मिटून, रिकाम्या हातांनी. तीन चकरा झाल्यावर ती म्हणाली, “हीच.” कागद नाही, रेघ नाही. साहेबांना फार अवघड गेलं, पण त्यांनी ते मानलं.

महिना संपायला दोन दिवस असताना ती आपल्या टेबलाशी बसली. खण उघडला तर आत बंद पडलेल्या घड्याळांचा ढीग. मालक उगाच पुसलेली काच पुन्हा पुसत होता. साहेब तिच्या हातांकडे टक लावून उभे.

“अहो, उजेड अडवताय.”

साहेब बाजूला झाले.

“सहाला या. आणि बाहेरून हॉर्न वाजवू नका, हातात काम असेल.”

साहेब एकटेच घरी निघाले. शेजारची सीट रिकामी होती, तरी ते प्रत्येक खड्ड्याला वळसा घालत, गतिरोधकावरून इंचाइंचाने, वरातीच्या वेगाने चालले होते. मागे गाड्यांची रांग लागली आणि सगळे मिळून हॉर्न वाजवू लागले. साहेबांनी काच खाली केली आणि सत्कार स्वीकारावा तसा हात हलवला.